नवा ट्रिगर बसवूनही दर उन्हाळ्यात तीच तक्रार: .३१५ आणि ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलींसाठी

परभणी, नांदेड, बीड, लातूर, कुठूनही येवो, तक्रार एकाच चालीची असते. रायफल .३१५ ची, बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरून वारसाने आलेली. चाप ओढताना आधी एक हलका टप्पा लागायचा, मग जरा दम धरून दुसरा जड टप्पा, आणि बार व्हायचा. आता तो पहिला टप्पाच लागत नाही. किंवा उलट, चाप नुसता मागे येतच राहतो आणि कुठे सुटेल याचा अंदाज लागत नाही. कुणीतरी सांगतं, ट्रिगर झिजला. नवा ट्रिगर बसवला जातो. दिवाळीच्या सुमारास बसवला असेल तर काही महिने सगळं छान चालतं. एप्रिल-मे आला की परत तेच. "काका, ट्रिगर बदलला तरी तसंच व्हायलंय. आता अजून भारीतला टाकावा का?"

टाकू नका. आधी लाकूड बघा.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो आणि आता परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम बघतो. या रायफलींच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: दर मोसमाला येणारी ट्रिगरची तक्रार ही सहसा ट्रिगरची नसतेच. ती लाकडाची आणि एका स्क्रूची असते. झिजलेला ट्रिगर झिजलेलाच राहतो, तो ऋतू बघून बिघडत नाही आणि पावसाळ्यात आपोआप सुधारत नाही. तुमची तक्रार जर मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये दुसरीच असेल, तर दोष लोखंडात शोधण्यात अर्थ नाही.

हे का होतं ते समजून घ्यायला रायफलीची घडण जराशी माहीत हवी.

.३१५ ही लष्करी .३०३ च्याच सांगाड्यावर उभी आहे. इंग्रजी राजवटीत .३०३ हे फौजेचं काडतूस सामान्य माणसाच्या हातात नको म्हणून नागरिकांसाठी ८ मिलिमीटरचं हे वेगळं काडतूस ठेवलं गेलं. आजही .३०३ प्रतिबंधित बोअरमध्येच, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडतं. पण बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, तोच, जेम्स पॅरिस ली याच्या रचनेचा. १९०७ च्या मार्क ३ नमुन्याची शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनली, आणि १९६० च्या दशकातली ७.६२ ची २ए आणि २ए१ ही रायफल सुद्धा त्याच नमुन्यावर बेतलेली.

या जुन्या नमुन्यात एक गोष्ट अशी आहे की जी बहुतेक मालकांना कधी कुणी सांगितलेली नसते. ट्रिगर रायफलीच्या पोलादी बॉडीला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाला, टांगलेला नसतो. तो ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या पोलादी कड्यात, एका पिनवर बसलेला असतो. सिअर मात्र बॉडीमध्ये असतो. काडतुसाला ठोकणारी कांडी म्हणजे स्ट्रायकर, तिच्या मागच्या टोकाला कॉकिंग पीस असतो, आणि त्याला अडवून धरणारा तुकडा म्हणजे सिअर. म्हणजे ज्या दोन तुकड्यांनी एकमेकांना केसभर अंतरावरून ढकलायचं, त्यातला एक वर बॉडीत आणि दुसरा खाली गार्डमध्ये. आणि बॉडी व गार्ड यांच्या मध्ये काय? पुढच्या दस्त्याचं लाकूड.

ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. चाप ओढला की पहिला उंचवटा सिअरला हलवतो, तो हलका टप्पा. मग दुसरा उंचवटा टेकतो, तरफेचं गणित बदलतं, ओढा जड होतो आणि पुढे सिअर सुटतो. हे दोन उंचवटे कधी आणि कुठे टेकणार हे ठरतं ट्रिगरची पिन आणि सिअर यांच्यातल्या अंतरावरून. ते अंतर ठरतं गार्ड बॉडीपासून किती लांब बसलं यावरून. आणि ते ठरवतं लाकूड. आपल्याकडे पावसाळ्यात दार चौकटीत फुगून बसतं आणि उन्हाळ्यात त्याच फटीतून उजेड दिसतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे कागदाच्या जाडीइतका बदलही बोटाला कळतो.

इंग्रजांनाही हे माहीत होतं. म्हणूनच १९४९ च्या नंबर ४ मार्क २ या ली-एनफिल्डच्या पुढच्या नमुन्यात त्यांनी ट्रिगर गार्डमधून काढून थेट बॉडीला टांगला. लाकूड आकसो की फुगो, ट्रिगर आणि सिअर यांचं नातं बदलू नये, एवढ्यासाठी. आपल्याकडच्या रायफली जुन्याच नमुन्यावर राहिल्या. त्यामुळे हा प्रश्नही आपल्याकडे राहिला.

तुमची रायफल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणं सोपं आहे. सफाईसाठी गार्ड उतरवला की ट्रिगर गार्डबरोबर हातात येतो की वर बॉडीलाच राहतो? गार्डबरोबर आला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मराठवाड्यात हे जास्त का

कारण आपल्याकडचा फरक टोकाचा आहे. मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या वर पारा, हवेत ओल म्हणून नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तीच रायफल ज्या खोलीत असते तिथल्या भिंतीला ओल येते. नुसतं फुगणं-आकसणं असतं तरी दर वर्षी आपापल्या जागी परत आलं असतं. पण त्यात स्क्रू येतो, आणि खरा घोळ तिथे होतो.

समजा उन्हाळ्यात लाकूड आकसलं. गार्ड किंचित सैल झालं. मालकाला हाताला हलतंय असं लागलं, त्याने गार्डचा पुढचा स्क्रू आवळला. झालं काम. मग पावसाळा आला. लाकूड फुगायला बघतं, पण वरून बॉडी आणि खालून गार्ड, दोन्हीकडून पोलाद. फुगायला जागाच नाही. मग लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडतात. दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागते आणि लाकूड आकसतं, पण या वेळी गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त, कारण चिरडलेले तंतू परत उभे राहत नाहीत. पुन्हा सैल. पुन्हा स्क्रू. असं दहा-पंधरा वर्षं चाललं की गार्ड वर सरकत सरकत ट्रिगरचे उंचवटे सिअरला आधीच टेकून बसतात. पहिला टप्पा नाहीसा होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे सिअरची पकडच कमी होते. तक्रार "ट्रिगर कडक लागतो" किंवा "टप्पा लागत नाही" अशी येते, पण खरी गोष्ट ही की रायफल हळूहळू असुरक्षित होत चाललेली असते. मी या विषयावर एवढं पोटतिडकीने लिहितो त्याचं कारण हेच आहे.

आधी हे तपासा

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी मातीच्या भिंतीकडे किंवा पोत्यांकडे. घरात लेकरं असतील तर त्यांना बाहेर पाठवा. यातलं काही गाळू नका.

आता गार्डच्या पुढच्या स्क्रूची खाच कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि गार्डवर पेन्सिलीने बारीक खूण करा. बोल्ट पुढे लावून रायफल कॉक करा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणून तयार करा, आणि चाप अगदी सावकाश ओढा. पहिला टप्पा लागतो का, दुसरा कुठे सुरू होतो, हे लक्षात ठेवा. चेंबरमध्ये डमी, म्हणजे बार न होणारं नकली, काडतूस असेल तर उत्तम. आता तो स्क्रू पाव फेरा सैल करा आणि पुन्हा तेच करा. मग अर्धा फेरा.

स्क्रू सैल केल्यावर हरवलेला टप्पा परत आला, किंवा ओढा ठळकपणे बदलला, तर ट्रिगर निर्दोष आहे. लाकूड दबलंय. काहीच फरक पडला नाही तरच ट्रिगरकडे वळा. तपासून झालं की स्क्रू पेन्सिलीच्या खुणेवर परत आणा. सैल स्क्रूने "आता बरा चालतोय" म्हणून बार काढायला जाऊ नका. धक्का पोलादावरून लाकडावर जसा जायला हवा तसा जाणार नाही आणि दस्ता फाटेल.

पेन्सिलीऐवजी कायमची बारीक खूण करून ठेवली तर आणखी एक गोष्ट कळते. दर वर्षी स्क्रू आवळताना खाच जर त्या खुणेच्या पुढे पुढे जात असेल, तर लाकूड दर वर्षी चिरडलं जातंय, हे नक्की समजा.

दुसरी तपासणी. स्क्रू घट्ट असताना एका हाताने बॉडी आणि दुसऱ्या हाताने पुढचा दस्ता धरा आणि हलकेच हलवा. स्क्रू घट्ट आणि तरी लाकूड हलतंय, असं असेल तर आत बुश आहे आणि लाकूड त्याच्यापेक्षा बुटकं झालंय.

हा बुश म्हणजे काय

बुश म्हणजे एक छोटी पोलादी नळी. पुढचा स्क्रू लाकडातून जातो तिथे त्याच्याभोवती बसणारी. तिचं काम एकच, स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड एका मर्यादेच्या वर जाऊ न देणं. लाकूड बुशपेक्षा नावालाच उंच हवं, म्हणजे स्क्रूच्या शेवटच्या थोड्याशा फिरण्यात लाकूड दाबलं जातं आणि मग पोलादाला पोलाद टेकतं. तिथे स्क्रू थांबतो. तसा थांबला म्हणजे सगळं जागेवर आहे.

जुन्या रायफली उघडल्या की कितीदा तरी ही नळी जागेवर सापडत नाही. कधीतरी सफाई करताना ती लाकडातून घरंगळली, कुणाला महत्त्वाची वाटली नाही, राहून गेली. बुश नसलेली रायफल म्हणजे स्क्रूला थांबायला जागाच नसलेली रायफल. अशा रायफलीत जगातला कुठलाही महागडा ट्रिगर टाकला तरी तो पुढच्या उन्हाळ्यात बिघडणारच.

काही मिस्त्री बुशऐवजी रबरी किंवा चामड्याचं वॉशर घालतात. सायकलच्या दुकानात मिळतं, पटकन बसतं, आणि पहिल्या दिवशी ट्रिगर सुरेख लागतो. पण रबर दबतं आणि परत फुलतं. प्रत्येक बारानंतर गार्डची जागा बदलते, म्हणजे प्रत्येक बाराला ओढा वेगळा. हे करू देऊ नका.

बुश आहे पण लाकूड आकसून सैल झालंय, अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, बुश कानशीने घासून लाकडाइतका बुटका करायचा. हे लवकर होतं, पण गार्ड तेवढं वर येतं आणि ट्रिगरचं गणित पुन्हा जुळवावं लागतं. दुसरा, लाकडावर जिथे गार्ड टेकतं तिथे त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवून मूळ उंची परत आणायची. वेळ लागतो, हात चांगला लागतो. मला दुसराच रस्ता पटतो, कारण त्यात रायफल कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी परत येते आणि मूळ ट्रिगर पुन्हा कामाला येतो. गनस्मिथला हे स्पष्ट सांगा, नाहीतर सोपं तेच होईल.

लाकडाचे खांदे आणि ठाण्यात जमा झालेली रायफल

पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला, आतल्या बाजूला, दोन खांदे असतात. बाराचा धक्का तेच झेलतात. ते तेलाने भिजून मऊ झाले की दबतात आणि सगळा दस्ता बॉडीच्या मानाने थोडा पुढे सरकतो. गार्डही मग तिरकं बसतं. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींच्या दस्त्यात आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. तो बघून लोकांना वाटतं कुणीतरी ठिगळ लावलंय. तसं नाही, तो कारखान्याचाच आहे, काढू नका.

हे खांदे भिजतात कशाने? रायफल भिंतीला उभी टेकवून ठेवायची, नळी वर, आणि तेल सढळ हाताने. तेल नळीवरून, बॉडीवरून खाली उतरतं आणि थेट या खांद्यांत जाऊन मुरतं. निवडणुकीत हे हमखास होतं. आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये तर वर्षात दोनदा पाळी आली, एप्रिल-मेमध्ये लोकसभेला आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला. जमा करायच्या आधी माणूस काळजीने तेलाने न्हाऊ घालतो, आणि रायफल आठवडेच्या आठवडे कोठडीत उभी राहते. परत येते तेव्हा ट्रिगर वेगळाच लागतो आणि मग ठाण्यात कुणी छेडछाड केली असा संशय घेतला जातो.

जमा करायच्या आधी तेल लावा, पण कापडाने पुसून फक्त ओलसर थर ठेवा. घरी ठेवताना जमलं तर आडवी ठेवा, किंवा उभी ठेवायचीच तर नळी खाली आणि तोंडाखाली कापड. परत आल्यावर लगेच स्क्रू आवळू नका. लाकडाला घरच्या हवेत आठवडाभर राहू द्या, मग वरची तपासणी करा.

लाकडाला बाहेरून लावायचं तेल म्हणजे जवसाचं. फौजेतही दस्त्यांना कच्चं जवसाचं तेलच लावायची पद्धत होती, आणि ते आपल्याकडच्या घाण्यावर मिळतं. अगदी पातळ हात, तळव्याने चोळून, जादाचं पुसून घ्यायचं, आणि सुकायला दिवस द्यायचे. उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडाला एकदा. त्याने लाकडाचं फुगणं-आकसणं बंद होत नाही, मंद होतं, आणि मंद झालं तरी तंतू कमी चिरडतात. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी सुकताना तापते आणि पेटूही शकते. ती उलगडून मोकळ्या हवेत वाळत घाला.

एक सूचना इथेच देतो. मागचा दस्ता बदलायचा किंवा आवळायचा असेल तर त्याचा लांब बोल्ट आधी फिरवू नका. जुन्या नमुन्यात त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचा दस्ता न उतरवता तो फिरवला की पुढचं लाकूड मागून चिरतं. चिरलेले खांदे, सरकलेलं गार्ड, बिघडलेला ट्रिगर, ही सगळी साखळी कितीदा तरी तिथूनच सुरू झालेली असते.

खरोखर ट्रिगरच खराब असेल तर

असतो कधीकधी. स्क्रूच्या तपासणीत काहीच फरक पडला नाही, लाकूड हलत नाही, बुश जागेवर आहे, आणि तरी टप्पा लागत नाही, तर उंचवटे घासलेले असू शकतात. बहुतेक वेळा ते वापराने झिजलेले नसतात. "ट्रिगर हलका करून द्या" म्हणून कुणीतरी कानस मारलेली असते. ट्रिगर, सिअर आणि कॉकिंग पीस यांचा वरचा थर कडक केलेला असतो. कानस तो थर खाते, खाली मऊ पोलाद लागतं, आणि मग झीज खरोखरच वेगाने होते. ज्याने हलका करून घेतला त्याला दोन महिने समाधान मिळतं.

बदली ट्रिगर आणला आणि बसवल्यावर नव्या तक्रारी सुरू झाल्या, तर पुढच्या जागा बघाव्या लागतात. पिनचं भोक गार्डमध्ये लांबट झालंय का, कारण तसं असेल तर नवा ट्रिगरही डुलणारच. चाप पूर्ण मागे आल्यावर गार्डला आतून टेकतो का, आणि सिअर सुटायच्या आधीच टेकतो का. लाकडाच्या खाचेला ट्रिगरची कड घासते का. ऑगस्टमध्ये घासणारी कड डिसेंबरमध्ये घासत नाही, म्हणून हे पावसाळ्यातच तपासावं. काजळी धरलेली कड लाकडावर कुठे डाग सोडते ते बघितलं की घासण्याची जागा लगेच सापडते.

आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. या नमुन्यात सिअर आणि मॅगझिनचा खटका यांना मिळून एकच चपटी स्प्रिंग असते. मॅगझिन नीट अडकत नाही म्हणून कुणी ती स्प्रिंग वाकवली किंवा खटका बदलला, की सिअरवरचा दाबही बदलतो. मालकाला वाटतं मॅगझिनचं काम केलं, त्याचा ट्रिगरशी काय संबंध. संबंध आहे.

लेथवर बनवून घेतलेल्या ट्रिगरबद्दल वेगळं सांगावं लागतं. दिसायला मूळ ट्रिगरपेक्षा चकचकीत असतो. पण साध्या मऊ पोलादाचा, वर कडक थर नाही, आणि उंचवट्यांची उंची जुन्या झिजलेल्या नमुन्यावरून उतरवलेली. म्हणजे झीज मापात धरूनच बनलेला. असा ट्रिगर रायफलीत असेल तर काढून टाका, त्यावर आणखी काम करून घेण्यात पैसे घालू नका.

या खुणा दिसल्या तर रायफल बंद

ली-एनफिल्डचा बोल्ट पुढे ढकलताना कॉक होतो. म्हणजे बोल्ट जोरात पुढे जात असतानाच सिअरला कॉकिंग पीस पकडायचा असतो. पकड कमी असेल तर तो निसटतो आणि भरलेल्या रायफलीत बोल्ट बंद करतानाच बार होऊ शकतो. म्हणून रिकाम्या रायफलीवर, वरची सगळी काळजी घेऊन, बोल्ट जोरात पुढे मारून बघा, पुन्हा पुन्हा. कॉकिंग पीस दर वेळी मागेच थांबला पाहिजे. मग कॉक केलेल्या रिकाम्या रायफलीचा मागचा दस्ता घडी घातलेल्या सतरंजीवर वीतभर उंचीवरून आपटा. कॉकिंग पीस पुढे पडता कामा नये. मग सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा. सेफ्टी काढताना कॉकिंग पीस पडला तर तेही तितकंच गंभीर.

यातलं एकही एकदाच जरी झालं तरी त्या रायफलीत काडतूस घालायचं नाही. "नऊ वेळा धरलं, एकदाच सुटलं" हे उत्तर चालत नाही. घरचे, शेजारचे, रानातला गडी, कुणीही समोर असू शकतं. नवा ट्रिगर बसवून आणल्यावर, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी, हे तपासा.

किती हलका हवा

रेंजवरच्या एअर रायफलीची सवय असलेल्या तरुणांना ही रायफल जड लागते. तिचा मूळ लष्करी हिशोब साधारण असा: पहिला टप्पा ३ ते ४ पौंड, दुसरा ५ ते ६ पौंड. म्हणजे बार सुटताना बोटावर जवळपास अडीच किलोचा ओढा. तो मुद्दाम ठेवलेला आहे, धावपळीत, हातमोज्यात, घामाघूम हातात चुकून बार होऊ नये म्हणून. स्प्रिंगच्या ताणकाट्याने चाप ओढून मोजता येतो, चाप जिथे वाकतो तिथे हूक लावायचा. तुमचा ओढा याच्या आसपास असेल आणि दोन्ही टप्पे स्वच्छ लागत असतील तर त्यात सुधारायला काही नाही. स्वच्छ आणि जड ट्रिगरवर नेम बसतो. हलका पण अनिश्चित ट्रिगर नेमही बिघडवतो आणि जीवही धोक्यात घालतो. बोल्ट पुढे ढकलताना कॉक होणाऱ्या रायफलीत ट्रिगर फार हलका करण्याच्या मी विरोधात आहे, आणि माझ्याकडे कुणी मागितला तर मी करून देत नाही.

कायद्याचं

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती, बदल किंवा निर्मिती करता येत नाही. शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून ट्रिगर पाडून घेणं हे त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही अडचणीचं आहे. परदेशातून सुटा ट्रिगर मागवायचा तर कलम १० नुसार आयातीचा परवाना लागतो. "छोटासा लोखंडाचा तुकडा आहे, पार्सलमध्ये येऊन जाईल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. सफाई, तेलपाणी आणि वर सांगितलेली तपासणी घरी करा. घासणं, बसवणं, बदलणं परवानाधारक गनस्मिथकडे, आणि पावती घेऊन.

थंडीतली एक वेगळी तक्रार

डिसेंबर-जानेवारीत काही जण सांगतात की ट्रिगर सुटतो पण स्ट्रायकर मंद पडतो, काडतूस पेटत नाही. ही वरच्यापेक्षा निराळी गोष्ट आहे आणि तिचं कारण बहुतेक वेळा खोबरेल तेल असतं. घरात असतं, स्वच्छ दिसतं, म्हणून बोल्टमध्ये घातलं जातं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. परभणीकडे तर थंडीत पारा दहाच्याही खाली जातो, मग बोल्टच्या पोकळीत पांढरा गोळा बसतो आणि स्ट्रायकरचा जोर मरतो. गोडेतेल घातलं तर ते थिजत नाही, पण चिकट होऊन त्यात काळ्या मातीची धूळ बसते. बोल्ट उतरवून पुसून काढा आणि बंदुकीचंच पातळ तेल थेंबभर घाला. यासाठी ट्रिगरला हात लावायची गरज नाही.

गनस्मिथकडे जाताना "ट्रिगर बदलून द्या" असं सांगू नका. कोणत्या महिन्यात काय होतं, स्क्रू पाव फेरा सैल केल्यावर काय बदललं, खाच खुणेच्या किती पुढे गेली, बुश आहे की नाही, आधी कुणी कानस मारली होती का, हे एका कागदावर लिहून न्या. जुना मूळ ट्रिगर कुठे डब्यात पडला असेल तर तोही न्या. लाकूड आणि बुश जागेवर आले की पुष्कळदा तोच पुन्हा बसवता येतो.